शर्यतीची पहिली सायकल

मार्चअखेरच्या रविवारी इंग्लंडातील घड्याळे एक तासाने पुढे सरकतात आणि संध्याकाळ एकाएकी लांबते. त्यानंतरच्या आठवड्यांत, लोक कामावरून परतण्याच्या वेळी, गावाबाहेरच्या एखाद्या रस्त्याच्या कडेला एक लहानसे दृश्य दिसू लागते. घडीच्या खुर्चीवर बसलेले एक वयस्क गृहस्थ, त्यांच्या हातात कालमापक घड्याळ, मांडीवर नावांची यादी. आणि पाठीवर क्रमांक लावलेले पंधरा-वीस सायकलस्वार, दर मिनिटाला एक याप्रमाणे सुटणारे. दहा मैल जायचे आणि लागलेला वेळ त्या यादीत लिहून घ्यायचा, एवढाच तो प्रकार. प्रेक्षक नाहीत, वाद्ये नाहीत, पारितोषिक म्हणावे तर चहाचा पेला. तरीही त्या यादीत गेल्या आठवड्यापेक्षा दहा सेकंद कमी लागलेले पाहून घरी परतणाऱ्या माणसाचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा असतो.

हॅरो, स्लाउ, हाउन्स्लो या भागांतील मराठी घरांतूनही आता या छंदाचे वारे शिरू लागले आहे. मुलगा किंवा मुलगी एके दिवशी जेवताना सांगते, की शर्यतीत उतरायचे आहे, सायकल हवी. बापाच्या मनात प्रथम किंमत येते आणि आईच्या मनात रस्ता. दोघांच्याही शंका रास्त आहेत, आणि गंमत अशी की दोन्ही शंकांचे उत्तर पुष्कळसे एकाच प्रश्नात दडलेले आहे: पहिली सायकल कोणती आणि कशी घ्यावी? दुकानातील तेजस्वी दिव्यांखाली हा प्रश्न सोडवायला जाणारा माणूस बहुधा चुकीचे उत्तर घेऊन बाहेर पडतो. कारण तिथे विकायला ठेवलेली वस्तू आणि नवशिक्याच्या गरजेची वस्तू या दोन्ही एकच असतील असे नाही.

सायकलीआधी शर्यत कोणती, ते पाहणे अवश्य आहे. ब्रिटनमध्ये शर्यतींचे दोन प्रवाह आहेत आणि त्यांच्या वेगळेपणाला एक मौजेचा इतिहास आहे. १८९० साली नॅशनल सायक्लिस्ट्स युनियन या संस्थेने सार्वजनिक रस्त्यांवरील शर्यतींना मनाई केली. पोलिसांचा आणि लोकमताचा रोष ओढवून सायकलच रस्त्यावरून हद्दपार होईल, अशी तिला धास्ती होती. त्यावर एफ. टी. बिडलेक यांनी १८९५ मध्ये तोड काढली. सर्वांनी एकत्र सुटायचेच नाही. एकेकट्याने सुटायचे आणि घड्याळाशी झुंजायचे. पुढे कित्येक वर्षे हे स्वार पहाटेच्या वेळी, अंगभर काळे कपडे घालून, जणू काही चोरीच करावयाची आहे अशा थाटात शर्यती करीत आणि मार्गांना सांकेतिक नावे देत. ते सांकेतिक क्रमांक आजही चालू आहेत. हीच टाइम ट्रायल. दुसरा प्रवाह सर्वांनी एकत्र सुटण्याचा. १९४२ च्या जून महिन्यात पर्सी स्टॅलर्ड यांनी लँगोलन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी शर्यत बंदीला न जुमानता भरवली, त्यातून मोठी दुफळी माजली आणि १९५९ साली दोन्ही पक्षांचे मीलन होऊन ती मिटली. आज एकत्र सुटण्याच्या शर्यतीत नवशिक्याला सर्वांत खालच्या, म्हणजे चौथ्या वर्गात प्रवेश मिळतो आणि गुण मिळवीत वर चढता येते. या शर्यती पुष्कळदा मोटारींना बंद असलेल्या आखीव वर्तुळमार्गांवर होतात. हेजजवळच्या मिनेट उद्यानातील हिलिंग्डन वर्तुळमार्ग हा लंडनच्या पश्चिम भागातील मराठी कुटुंबांना घराजवळचा. पूर्वेकडे ली व्हॅलीत एक मैलाचा मार्ग आहे. आईच्या मनातील रस्त्याच्या भीतीला एवढे उत्तर बरेचसे पुरते: आरंभीच्या शर्यतींत समोरून लॉरी येत नाही.

मात्र शेजारून माणूस येतो. चौथ्या वर्गाच्या शर्यतीत तीस-चाळीस स्वार एकमेकांच्या कोपराला कोपर लावून वळणात शिरतात आणि त्यांतील बहुतेकांना हा अनुभव नवा असतो. एकाने घाबरून ब्रेक दाबला, की मागचे तिघे आडवे. शरीराला बहुधा खरचटण्यावर निभावते. सायकलीचे मात्र हँडल वाकते, गिअर बदलणारे यंत्र मोडते, क्वचित फ्रेमला तडा जातो. म्हणून पहिल्या सायकलीच्या बाबतीत सर्व तांत्रिक चर्चेच्या आधी येणारी कसोटी अगदी घरगुती आहे. ही सायकल उद्या शर्यतीत मोडली, तर ती पुन्हा उभी करण्याइतके पैसे उरतील काय? उत्तर नकारार्थी असेल, तर ती सायकल कितीही देखणी असली तरी शर्यतीसाठी महाग आहे. शिवाय मोडण्याची धास्ती बाळगून चालवणारा स्वार वळणात आखडतो, फट दिसत असूनही पुढे घुसत नाही आणि अखेर घोळक्याच्या शेपटाला लटकत राहतो. महागडी सायकल अशा रीतीने त्याला सावकाश नेते.

समजा, घरातून हजार पौंड मंजूर झाले. त्यांतील हजारही सायकलीवर घालणे ही नेहमीची घोडचूक आहे. शर्यतीच्या सायकली पुष्कळदा पेडलांशिवायच विकल्या जातात. बूट अडकवायची पेडले आणि तळाला खिळणारे बूट निराळे घ्यावे लागतात. हेल्मेट अनिवार्य. पंप, जादा ट्यूबा, टायर काढायचे चमचे, षट्कोनी चाव्यांचा जुडगा, चेन धुण्याचे साहित्य. संस्थेचे सभासदत्व, परवाना, प्रत्येक शर्यतीची प्रवेश फी. शर्यतीच्या ठिकाणी जाण्यायेण्याचा खर्च. यांतले एकही शोभेचे नाही. तेव्हा हजारातले सहाशे सायकलीला, अडीच-तीनशे या सरंजामाला आणि उरलेले शंभर-दीडशे पहिल्या पडझडीसाठी गाठीला, ही वाटणी शहाणपणाची. सहाशे पौंडांत शर्यतीला योग्य अशी नवी सायकल मिळणे कठीण. चार-सहा वर्षे वापरलेली उत्तम सायकल मात्र मिळू शकते. नव्याचाच आग्रह असेल आणि सायकलीवरून कामावर जाण्याचाही विचार असेल, तर नोकरीच्या ठिकाणची ‘सायकल टू वर्क’ ही योजना पाहावी. पगारातून करपूर्व हप्ते कापले जातात, त्यामुळे बचत होते. परंतु सायकलीचा मुख्य उपयोग कामावर जाण्यासाठीच झाला पाहिजे, अशी त्या योजनेची अट आहे. केवळ रविवारच्या शर्यतीची सायकल त्यात बसवणे प्रामाणिकपणाचे नव्हे.

आता माप. या विषयात सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. आपल्याकडे एक पिढी बापाच्या उंच काळ्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून, कैची मारीत शिकली. मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवायचे, ही तर घराघरातली रीत. त्या संस्कारामुळे सायकलही ‘जरा मोठीच बघू, पुढे उपयोगी पडेल’ अशी घेतली जाते. शर्यतीच्या सायकलीला ही काटकसर मारक आहे. मोठ्या फ्रेमवर स्वाराला हात ताणून बसावे लागते, मान व पाठ दुखते, ब्रेकपर्यंत बोटे नीट पोचत नाहीत आणि घोळक्यात सायकल चपळपणे वळत नाही. दोन मापांमध्ये मन घुटमळत असेल तर नवशिक्याने सामान्यतः लहान माप घ्यावे. लहान फ्रेमची बैठक वर करता येते, हँडल धरणारा आडवा दांडा थोडा लांब बसवता येतो. मोठी फ्रेम लहान करण्याची कला अद्याप कोणास साधलेली नाही.

फ्रेमवर लिहिलेला ५२, ५४, ५६ हा आकडा पूर्वी बैठकीखालच्या उभ्या नळीची सेंटिमीटरांतील लांबी दाखवीत असे. आता वरची नळी उतरती असल्याने तो आकडा नावापुरता उरला आहे, आणि एका कंपनीची ५४ दुसरीच्या ५४ शी जुळेलच असे नाही. म्हणून जाणकार दोन निराळी मापे पाहतात. पेडलांच्या अक्षाच्या मध्यापासून हँडलखालच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची, तिला ‘स्टॅक’ म्हणतात. आणि त्याच दोन बिंदूंमधील आडवे अंतर, ते ‘रीच’. कंपन्या ही मापे जाहीर करतात. स्टॅक जितका कमी आणि रीच जितका अधिक, तितका स्वार पुढे वाकून, पाठ आडवी करून बसतो. व्यावसायिक स्वारांना ते साधते, कारण त्यांचा दिवसच सायकलीवर जातो. दिवसभर संगणकापुढे बसून संध्याकाळी तासभर सराव करणाऱ्याने किंचित उंच हँडलाची, लांब पल्ल्यासाठी बनवलेली फ्रेम घेतली तरी चौथ्या वर्गात त्याचे काहीही अडत नाही. हँडलाच्या खालच्या वाकात हात ठेवून वीस मिनिटे स्वस्थपणे बसता आले, तर ती सायकल बसली असे समजावे.

बैठकीच्या उंचीसाठी एक जुने गणित आहे. अमेरिकन विजेता ग्रेग लेमाँड याच्या नावाने ते ओळखले जाते. अनवाणी उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजायची आणि तिला ०.८८३ ने गुणायचे. ही उंची ८० सेंटिमीटर भरली, तर पेडलांच्या अक्षापासून बैठकीच्या माथ्यापर्यंत सुमारे ७०.६ सेंटिमीटर. हा अंदाज आहे, वेदवाक्य नव्हे. तो धरून मग पाच-सात मिलिमीटर खालीवर करीत गुडघ्याचे म्हणणे ऐकावे. दुकानात गणित करायला वेळ नसेल, तर पेडल अगदी खाली नेऊन टाच त्यावर ठेवावी. पाय नेमका सरळ झाला पाहिजे. कंबर एका बाजूला कलंडली, तर बैठक उंच आहे. पाच फूट चार इंचांच्या आतल्या मंडळींनी पेडलांच्या दांड्यांची लांबीही विचारून घ्यावी. १७२.५ किंवा १७५ मिलिमीटरांचे दांडे त्यांच्या गुडघ्यांना जाचतात, १६५ किंवा १७० ठीक. लहान मापाच्या जुन्या सायकली शोधायला वेळ लागतो. म्हणून शोध हिवाळ्यातच सुरू करणे बरे, आणि त्या काळात किंमतीही पुष्कळदा उतरलेल्या असतात.

फ्रेम कोणत्या धातूची, यावर क्लबांच्या चहापानात जितके वाद होतात तितके कदाचित धर्मावरही होत नसतील. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ मध्ये ५३१ क्रमांकाची पोलादी नळी काढली आणि पुढच्या कित्येक दशकांतील नामवंत सायकली तिच्यापासून बनल्या. पोलाद चिवट, दुरुस्त होणारे, अंगाला सुखद. परंतु वजनदार, आणि चांगली पोलादी फ्रेम आता हौशी लोकांच्या संग्रहाची वस्तू झाल्यामुळे स्वस्त राहिलेली नाही. कार्बन तंतूंची फ्रेम हलकी असते, पण आतला तडा रंगाखाली लपून राहू शकतो. पूर्वी कोणाच्या हातून ती किती आपटली हे अनोळखी विक्रेत्याकडून कळणे कठीण. या दोहोंच्या मध्ये ॲल्युमिनियम आहे, आणि पहिल्या शर्यतीच्या सायकलीसाठी निवाडा त्याच्याच बाजूने द्यावा लागतो. ते ताठ असते, पुरेसे हलके असते, पोचा आला तर डोळ्यांना दिसतो आणि किंमत आवाक्यात राहते. पुढचा चिमटा मात्र कार्बनचा असावा. त्याने रस्त्याची थरथर कमी होते आणि वजनही. कॅननडेलची ‘कॅड’ मालिका किंवा स्पेशलाइज्डची ‘अलेझ’ ही असल्या सायकलींची परिचित नावे. जायंट, ट्रेक आदी कंपन्यांच्याही तशाच आहेत. नावापेक्षा माप आणि अवस्था पाहावी.

गिअरांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. जुन्या बाजारात शिमानो या जपानी कंपनीची क्लॅरिस, सोरा, टियाग्रा आणि १०५ ही नावे चढत्या क्रमाने भेटतात. मागच्या चाकावर अनुक्रमे आठ, नऊ, दहा आणि अकरा दातेरी चक्रे. (१०५ ची नवी आवृत्ती बारांची आहे.) अकरांची १०५ मिळाली तर उत्तम, दहांची टियाग्रा मिळाली तरी शर्यत हरण्याचे कारण ती ठरत नाही. पुढे ५० आणि ३४ दातांची चक्रे असली, की ‘हे शर्यतीला अपुरे’ असे सांगणारा एक तरी भेटतोच. त्याच्यापुढे हिशेब मांडावा: पुढे ५०, मागे ११, चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर आणि मिनिटाला ९० फेरे, म्हणजे ताशी ५१ किलोमीटरांहून अधिक वेग होतो. नवशिक्यांच्या शर्यतीत सपाटीवर या वेगाने जाण्याचा प्रसंग शेवटच्या दोनशे मीटरांत आला तर आला.

ब्रेकांची गोष्ट थोडी निराळी आहे. आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये रस्त्यावरील शर्यतींना तबकडीचे ब्रेक कायमचे मान्य केले आणि बाजार त्या दिशेने झपाट्याने वळला. परिणामी रिमवर दाबणाऱ्या जुन्या पद्धतीच्या ब्रेकांच्या चांगल्या चांगल्या सायकली स्वस्त झाल्या. शर्यतीला त्या चालतात, वजनाला हलक्या असतात आणि त्यांची दुरुस्ती एका षट्कोनी चावीने घरी होते. पावसात तबकडी सरस, हे खरे. परंतु मर्यादित पैशात खरेदी करणाऱ्याने बाजाराच्या या लहरीचा लाभ अवश्य घ्यावा.

वजनाचे वेड हा या छंदाचा बालरोग आहे. व्यावसायिक शर्यतीतील सायकल ६.८ किलोंपेक्षा हलकी असता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आणि तो आकडा डोळ्यांपुढे ठेवून नवशिके आपली नऊ किलोंची सायकल उचलून उसासे टाकतात. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर एक किलो म्हणजे सव्वा टक्का. वीस मिनिटांच्या खड्या चढावर त्याने सुमारे पंधरा सेकंद वाचतील. सपाट वर्तुळमार्गावर मात्र तो किलो जवळजवळ निरुपद्रवी आहे. तिथे शत्रू हवा. वेग दुप्पट झाला तर हवा कापण्यास लागणारी शक्ती आठपट होते. दुसऱ्याच्या मागच्या चाकाजवळ राहून घोळक्याच्या आडोशाने जाणारा स्वार चौथाई ते तिहाई शक्ती वाचवतो. आणि ही विद्या विकत मिळत नाही. विकत घेण्याजोगे असे काही असेल तर ते टायर. जुन्या सायकलीवरचे ताठरलेले स्वस्त टायर काढून २५ किंवा २८ मिलिमीटर रुंदीचे, मऊ रबराचे चांगले टायर चढवले आणि हवा दगडासारखी न भरता बेताची भरली, तर वेग वाढतो आणि ओल्या वळणात सायकल घसरण्याची शक्यता घटते. हजार पौंडांच्या चाकांनी जे क्वचितच दिसते ते साठ-सत्तर पौंडांच्या टायरांनी दिसते.

या देशाच्या सायकलविश्वात बेरिल बर्टन यांचे नाव आदराने घेतले जाते, ते कोणत्या यंत्रामुळे नव्हे. यॉर्कशायरमधील ही गृहिणी रुबाबच्या शेतावर अंगमेहनतीचे काम करी. रुबाब ही इकडची आंबट देठांची भाजी. १९६७ साली बारा तासांच्या शर्यतीत तिने २७७.२५ मैल कापले. आघाडीवरचा पुरुष स्वार माइक मॅकनमारा याला मागे टाकताना तिने खिशातली गोळी काढून त्याला देऊ केली, आणि त्याने ती घेतली. पुरुषांचा विक्रम त्या दिवशी एका स्त्रीच्या खाली राहिला. स्त्रियांमध्ये तर तो आकडा २०१७ पर्यंत टिकला. सायकल साधी पोलादी. याच्या उलट दाखला लोक ग्रॅम ओब्री याचा देतात. त्याने घरी बनवलेल्या सायकलीत धुण्याच्या यंत्राचे बेअरिंग बसवले आणि १९९३ च्या जुलैत नॉर्वेत तासाला ५१.५९६ किलोमीटरांचा विश्वविक्रम केला. त्यावरून ‘काहीही चालते’ असा अर्थ काढू नये. ओब्रीने सायकल स्वस्त केली, पण बसण्याची ढब मात्र मिलिमीटरांनी मोजून स्वतःच्या शरीराला जुळवली होती. सहाच दिवसांनी ख्रिस बोर्डमनने तो विक्रम मोडला, हेही जाता जाता सांगितले पाहिजे.

जुनी सायकल पाहायला जाताना दिवसाउजेडी जावे आणि शक्य तर क्लबातला एखादा अनुभवी माणूस सोबत न्यावा. ब्रिटनमधील क्लबांत अशी माणसे मुबलक असतात; त्यांना दुसऱ्याच्या पैशाने सायकल निवडण्यासारखे सुख नसते. प्रथम फ्रेमचा क्रमांक पाहावा. तो बहुधा पेडलांच्या अक्षाखाली कोरलेला असतो. बाइकरजिस्टर नावाची राष्ट्रीय नोंदवही आहे. तिथे तो क्रमांक तपासला, म्हणजे चोरीची म्हणून नोंदलेली सायकल ओळखू येते. मूळ पावती मागावी. विक्रेता या प्रश्नाने चिडला, तर चहा न घेताच निघावे.

मग सायकल उलटसुलट करून पाहावी. हँडलखालची नळी जिथे उतरत्या नळीला मिळते त्या सांध्याखाली बोट फिरवावे. समोरून धडक बसलेली असेल, तर रंगाला तिथे सुरकुती किंवा बारीक रेघ दिसते. पेडलांच्या अक्षाभोवतीचे व मागच्या चाकाजवळचे जोड असेच पाहावेत. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली असता हँडलाखाली टकटक जाणवू नये. पेडलांचे दांडे हातात धरून आडवे हलवावेत; खुळखुळा असेल तर आतले बेअरिंग गेले, ते फार महाग नसते, पण किंमत पाडून मागायला कारण होते. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर रिमच्या कडेवर नख फिरवावे. ती वाटीसारखी खोलगट लागली तर चाक संपत आले. बैठकीची नळी सैल करून वरखाली होते की नाही, हे पाहायला पुष्कळ जण विसरतात. ती फ्रेममध्ये गंजून घट्ट बसली असेल तर माप कितीही जुळत असो, सायकल सोडून द्यावी.

चेनीची परीक्षा फूटपट्टीने होते. नव्या चेनीच्या एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवला, तर पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती एकसोळांश इंच पुढे सरकली असेल तर चेन बदलण्याची वेळ झाली. एकअष्टमांश सरकली असेल तर चेनीने मागची दातेरी चक्रेही खाल्ली असे समजून तेवढी रक्कम किंमतीतून वजा करावी. विक्रेत्याला हे गणित सहसा ठाऊक नसते, आणि ठाऊक असेल तर त्याने चेन आधीच बदललेली असते. दोन्ही प्रकारांनी फायदा ग्राहकाचाच. सर्वांत शेवटी मागून पाहावे, की गिअर बदलणारे यंत्र ज्या लहानशा धातूच्या पट्टीला टांगलेले असते, ती पट्टी उभी सरळ आहे ना. तिला हँगर म्हणतात. पडताना ती स्वतः वाकून किंवा मोडून फ्रेमला वाचवते, म्हणून मुद्दाम मऊ ठेवलेली असते. प्रत्येक सायकलीची हँगर निराळ्या आकाराची असते आणि ऐन हंगामात ती मिळायला आठवडे लागतात. सायकल घरी आली, की त्याच दिवशी तिची एक जोडी मागवून ठेवावी.

विम्याचे एक बारीक अक्षर येथेच सांगणे सोयीचे. घराच्या विम्यात सायकलीचा समावेश असला, तरी शर्यतीत झालेले नुकसान पुष्कळदा त्यातून वगळलेले असते. कागद वाचल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

बापाच्या संमतीचा प्रश्न राहतो, आणि तो केवळ पैशाचा नसतो. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून गाजत होते, त्या काळी वाढलेल्या कित्येकांनी तासाच्या भाड्याने सायकली फिरवल्या आहेत. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्या स्वाराला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवतात, आणि त्याला पाहण्यासाठी खंडाळ्याच्या वळणावर उभे राहिलेले लोक आज लंडनच्या उपनगरांत आजोबा झाले आहेत. त्यांना पाठीवरचा क्रमांक म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. नातीला पहिल्या शर्यतीला नेणारे आजोबा घरात असतील, तर मोटारीच्या खर्चाची आणि धीराची अशी दोन्ही व्यवस्था एकदम होते.

शर्यतीच्या आदल्या रात्री घंटी, स्टँड, चाकांतले परावर्तक आणि मडगार्ड उतरवून ठेवावेत. घंटीशिवाय नवी सायकल विकू नये असा या देशाचा कायदा आहे, म्हणून ती प्रत्येक नव्या सायकलीवर असते, आणि घोळक्याच्या शर्यतीत ती कोणी लावीत नाही. टाइम ट्रायलला जायचे असेल तर उलट मागचा दिवा पेटता ठेवावा लागतो. त्याची बॅटरी भरून घ्यावी. वर्तुळमार्गावर शर्यतीआधी अधिकारी सायकली पाहतात. किंमत ते विचारीत नाहीत. दोन्ही ब्रेक लागतात ना, चाके घट्ट आहेत ना, हेल्मेटचा पट्टा बसतो ना, एवढे पाहतात. आणि हँडलाच्या दोन्ही उघड्या टोकांना बुचे आहेत की नाहीत, हे तर हमखास. पडल्यावर ती उघडी नळी अंगात घुसू शकते. काही पेनींचे हे बूच हरवलेले असल्यामुळे सुटण्याच्या रेषेपाशी शॅम्पेनचे बूच उसने शोधीत फिरणारा एखादा तरुण जवळजवळ दर रविवारी दिसतो, आणि त्याची सायकल बहुधा मैदानातली सर्वांत महाग असते.